रामेश्वरच्या समुद्रातलं गवत आमच्या तलावातल्या गवताचं सोयरं आहे का?

तलावकाठ (तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबून येतो, पण शेवटपर्यंत वाचा जी.

मागच्या माघात मायला घेऊन रामेश्वरला गेलो होतो. गावातून एक गाडी केली होती, सतरा जण. अग्नितीर्थावर आंघोळी झाल्या, बाया देवळातल्या बावीस कुंडांच्या रांगेत लागल्या आणि मी किनाऱ्यानं कोळ्यांच्या नावा पाहत निघालो. आम्ही ढिवर. पाणी दिसलं की इथं मासा कोणता, जाळं कोणतं, हे विचारल्याशिवाय आमचा पाय पुढं पडत नाही.

थोडं पुढं गेल्यावर वाळूत लाटेनं आणून टाकलेले गवताचे ढीग दिसले. दोन तऱ्हेचं गवत होतं. एक शेवयांसारखं गोल आणि बारीक. दुसरं पट्टीसारखं, बोटभर रुंद, दीड-दोन हात लांब आणि बुडाशी काळे राठ केस. ती पट्टी मी उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो. कारण अशी हिरवी रिबीन मी लहानपणी आमच्या मामा तलावात रोज पाहिलेली. छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायाला गुंडाळायची. तिला काळे केस नव्हते, एवढाच फरक.

जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला मोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, ‘कडल पुल्’. कडल म्हणजे समुद्र, पुल् म्हणजे गवत. हे खाणारी ‘कडल पसु’, म्हणजे समुद्रगाय, असते. त्याच्या बापानं पुष्कळ पाहिल्या, त्यानं जन्मभरात दोनदाच. मग हातानं दाखवत सांगितलं की गवत आहे तिथं कोळंबी, खेकडा, लहान मासा. गवत नाही तिथं नुसती वाळू.

ते ऐकून मला आमचा तलाव आठवला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पाळ बांधून धानाच्या पाण्यासाठी केलेले. माझा बाप डोंग्यातून जाळं टाकायचा तेव्हा डोंग्याखालचा तळ दिसायचा. मरळीची लालसर पिल्लं थवा करून वर यायची आणि खाली नर-मादी पहारा देत. थंडीत लालसरी बदकं उतरायची, बुड्या मारून हेच गवत खायची.

पंधरा-सोळा वर्षांमागं आमच्या मच्छीमार सोसायटीनं तलाव एका ठेकेदाराला दिला. त्यानं गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या बाहेरच्या माशांचं बीज टाकलं. पहिली दोन वर्षं काट्यावर मासा असा भरला की आम्हीही खूश होतो. मीही होतो, ते लपवत नाही. तिसऱ्या वर्षी गवत संपलं. चौथ्या वर्षी पाणी चहासारखं झालं, ते आजपर्यंत तसंच. ठेकेदार गेला, पण काठानं बेशरमाची झुडपं पसरली. गेल्या हंगामात मी मोजून ठेवलं: माझ्या जाळ्यात मरळ आल्या सात. बाप एका सकाळी तेवढ्या आणायचा.

तर विचारायचं हे, की रामेश्वरचं ते गवत आणि आमचं गवत एकच का? तिकडं समुद्रात गवत परत लावतात असं गाडीतला एक जण म्हणत होता, ते खरं का? आणि समुद्रात लावता येत असेल तर आमच्या तलावात का नाही?

---

धानवाला, साकोली

भाऊ, तुमचं दुःख समजतं, पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या गावच्या तलावात हेच गवत माजलं होतं तेव्हा तुडूमाच्या (तलावाचं पाणी सोडायच्या मोरीच्या) तोंडात अडकून पाणीच सुटेना. ऐन गर्भात आलेला धान आणि पाटात पाणी नाही. दोन दिवस आम्ही गळ्यापर्यंत उतरून हातानं गवत ओढलं. शिंगाडावालेही ते उपटूनच टाकतात. मासे पाहिजेत, पण तलाव मुळात धानासाठी बांधला आहे, हे ध्यानात ठेवून करा.

---

बॉटनीवाला, ब्रह्मपुरी

तलावकाठ भाऊ, मी गेली एकोणीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला कुणी विचारावा याची वाटच पाहत होतो.

तुमच्या वर्णनावरून, शेवयांसारखं ते सिरिंगोडियम. समुद्रगाय ते आवडीनं खाते. आणि बुडाशी काळे राठ केस असलेली लांब पट्टी म्हणजे एनहॅलस. आपल्या देशातल्या समुद्री गवतांत ते केस हीच त्याची खूण. आता तुमच्या तलावातली रिबीन म्हणजे व्हॅलिस्नेरिया. एनहॅलस आणि व्हॅलिस्नेरिया दोन्ही हायड्रोकॅरिटेसी या एकाच कुळातली. तलावातलं दुसरं झुबकेदार हायड्रिला, तेही याच कुळातलं. म्हणजे तुम्ही सोयरं म्हणालात, पण ही भावकीच आहे. एक भाऊ खाऱ्या पाण्यात गेला, एक गोड्यात राहिला.

नावात गवत असलं तरी धान आणि बांबू ज्या कुळातले, त्यातली ही झाडं नाहीत. आणि शेवाळ तर अजिबात नाहीत. शेवाळाला मूळ नसतं, फूल नसतं. यांना मूळ, गाळात आडवं धावणारं खोड, पान, फूल, बी, सगळं आहे. समुद्री गवतांचे पूर्वज डायनोसॉरच्या काळात समुद्रात उतरले आणि तिथंच फुलायला शिकले.

फुलण्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी. व्हॅलिस्नेरियाची नर फुलं तळाशी तुटून सुटतात आणि बुडबुड्यासारखी वर येऊन तरंगतात. मादी फूल लांब देठावरून पाण्याच्या पातळीला येऊन थांबतं. तरंगती नर फुलं त्याला येऊन लागली की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फूल खाली ओढलं जातं. फळ तळाशी धरतं. एनहॅलस भर समुद्रात नेमकं हेच करतं. मी विद्यार्थ्यांना हे दाखवायला पूर्वी गावाजवळच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, न्यायचो. आता ती बोडीही गढूळ आहे, फळ्यावर चित्र काढून सांगतो.

दुसरा प्रश्न. होय, लावतात. तामिळनाडूत पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोऱ्या बांधून, त्यात मुळासकट रोपं अडकवून त्या चौकटी तळाशी ठेवल्या आहेत. काथ्या कुजेपर्यंत मुळं तळ धरतात. सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारनं त्याच पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं समुद्रगाय संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं पहिलं. एक मोठी समुद्रगाय दिवसाला ३०-४० किलो गवत खाते. गवत नाही तर गाय नाही, म्हणून गाय राखायची तर कुरण राखावं लागतं. तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी, बोटींचे नांगर, शहराची घाण यांनी ती कुरणं फाटतात. जगाच्या समुद्रतळाचा हजारातला एक-दोन भागच या कुरणांनी व्यापलाय, पण समुद्र दरवर्षी जो कार्बन तळात पुरतो त्याचा साधारण दहावा हिस्सा यांच्या गाळात जातो.

सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं. तिथल्या किनारी खाड्यांतलं झोस्टेरा नावाचं गवत १९३० च्या दशकात रोगानं आणि १९३३ च्या वादळानं साफ गेलं. जवळजवळ सत्तर वर्षं तळ बोडका. मग १९९९ पासून माणसांनी बी गोळा करून पेरायला सुरुवात केली. वीस वर्षांत सात कोटींहून जास्त बिया पेरल्या आणि आज तिथं सुमारे ३,६०० हेक्टर कुरण आहे. पण हे का जमलं, ते नीट वाचा: तिथलं पाणी स्वच्छच राहिलं होतं. गवत रोगानं गेलं होतं, गढूळपणानं नाही. बी पोचलं की उगवायला उजेड तयार होता.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची मेख इथंच आहे. समुद्री गवताला पाण्यावर पडणाऱ्या उजेडाचा निदान दहावा हिस्सा तळाशी लागतो, काहींना त्याहून बराच जास्त. तलावातल्या गवतालाही उजेडाशिवाय चालत नाही. गवत असतं तेव्हा ते लाट मोडतं, गाळ खाली बसवतं, मुळांनी धरून ठेवतं. पाणी निवळतं, उजेड खाली जातो, गवत आणखी वाढतं. एकदा गवत गेलं की हाच फेरा उलटा फिरतो. तुमच्या तलावात सायप्रिनस आहे तोवर तो तळ उकरत राहणार. गवत्या तर कोवळा असताना दिवसाला आपल्या वजनाएवढं गवत फस्त करतो. ते दोन्ही असताना लावणी केली तर तुम्ही त्यांना चारा घालताय, एवढंच.

एक साधी परीक्षा करा. पांढरी रंगवलेली थाळी दोरीला बांधून दुपारी बाराच्या सुमारास डोंग्यातून खाली सोडा. कुठं दिसेनाशी होते ते हातानं मोजा. मग ज्या तलावात अजून गवत आहे तिथं तेच करा. दोन्ही आकडे इथं टाका.

धानवाला भाऊंचं म्हणणं खरं आहे. तुडूमासमोरचा पट्टा मोकळा ठेवायचा, गवत वरच्या अंगाला उथळ पाण्यात राखायचं. सगळं उपटायचं किंवा सगळं सोडून द्यायचं, असं करायची गरज नाही.

---

वैनगंगेचा पोरगा

माझं गाव पवनी तालुक्यात, पण नोकरीनिमित्त तीन वर्षं लक्षद्वीपला कवरत्तीत होतो. गवत्याचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

तिकडं समुद्री कासवं आहेत, हिरवी कासवं म्हणतात. पूर्वी लोक मारायचे, मग कायद्यानं बंद झालं, शार्कही कमी झाले, आणि कासवांची संख्या वाढत गेली. ऐकायला चांगलंच वाटतं ना? मलाही वाटायचं. पण ही कासवं समुद्री गवतावर जगतात. अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये (प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात) ती इतकी जमली की कुरण चरून चरून खलास केलं. तिथलं संपल्यावर दुसऱ्या बेटांच्या लगूनमध्ये गेली. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. कासव शिरणार नाही असा चौकोन जाळीनं बंद केला तर आत गवत वाढतं आणि बाहेर खुंटं, असं त्यांनी दाखवलं. गवत गेल्यावर त्यात वाढणारे मासे कमी झाले. तिथले मच्छीमार कासवांवर चिडून असत आणि त्यांचा राग मला खोटा वाटला नाही.

मी पहिल्यांदा तोंडाला काच लावून लगूनमध्ये उतरलो तेव्हा हिरवळ दिसेल म्हणून उतरलो होतो. दिसली पांढरी वाळू आणि तिच्यात बोटाच्या पेरापेक्षा आखूड, कुरतडलेली पानं. उन्हाळ्यात आपल्या गावचं गायरान दिसतं ना, अगदी तसं. त्यात एक कासव संथपणे खाली मान घालून चरत होतं. राग कुणावर करावा कळेना. कासवाचा काहीच दोष नाही, ते भुकेलं आहे.

कासव तिथलंच होतं, तरी एवढं झालं. तुमच्या तलावात गवत्या तर बाहेरून आणून टाकला. त्याला खाणारं कुणी नाही, अडवणारं कुणी नाही. म्हणून बॉटनीवाले सर म्हणतात ते आधी करा, लावणी मागून.

आणि एक. आमच्या बाजूला मागच्या उन्हाळ्यात एका तलावाचा गाळ पोकलेननं पार तळापर्यंत काढला. शेतात टाकायला गाळ चांगला मिळाला, पण पुढच्या पावसाळ्यात पाण्यात एक काडी उगवली नाही. सर, याचं कारण काय असावं?

---

बॉटनीवाला, ब्रह्मपुरी

कारण बियाणं गाळातच होतं. हायड्रिला तर गाळात छोटे कंद सोडून ठेवतं, पाणी आटलं तरी ते वाट पाहत पडून राहतात. गाळ काढताना निदान एक कोपरा, जिथं पूर्वी गवत दाट होतं तो, हात न लावता सोडावा. पोकलेन येण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या ढिवराला विचारलं तर तो कोपरा बरोबर दाखवतो.

---

रोवणेवाली ताई

मी पण ढिवराचीच लेक आणि ढिवराचीच सून. भाऊ, तुमच्याच जिल्ह्यातली. आम्ही बचत गटाच्या चौदा बायांनी गावच्या तलावात गवत लावलं आहे, म्हणून हातानं केलेलं सांगते.

आपल्याकडं या कामाची वाट भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी ढिवर मंडळींना सोबत घेऊन पाडली. कोणत्या माशाला कोणतं गवत लागतं हे आपल्याच म्हाताऱ्यांना माहीत होतं, ते त्यांनी लिहून घेतलं. आम्ही त्यांचं काम पाहून, विचारून आमच्या गावात सुरू केलं.

पहिली गोष्ट बेशरम. ती कापून काही होत नाही, कापलेली काडी जिथं पडेल तिथं फुटते. पाणी उतरल्यावर वैशाखात मुळासकट खणायची, पाळीच्या बाहेर नेऊन वाळवायची, मग जाळायची. आम्हाला त्यातच दोन उन्हाळे गेले. हातांना फोड यायचे, तिचा चीक अंगाला खाजायचा. गावातले काही माणसं म्हणायची की या बायांना मासे मारता येत नाहीत म्हणून काड्या वेचतात. आता तेच विचारतात, ताई, मासा केव्हा काढायचा?

मग तळ. गुरांनी तुडवून तो दगडासारखा झालेला. कोरड्यात ट्रॅक्टरनं हलकी नांगरट करून घेतली. पाऊस पडून ढोपरभर पाणी भरलं की लावणी. आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही. धानाचा रोवणा करतो तसाच वाकून करायचा. फरक एवढाच की पऱ्हे (धानाची रोपं) बोटानं दाबून सोडून देतो, इथं मुळाला मातीचा गोळा लावायचा, नाहीतर रोप वर तरंगतं. खोल पाण्यात गोळा लावूनच डोंग्यातून सोडायचं. काठाला देवधान (रानटी धान), त्याच्या आत कमळासारखी तरंगत्या पानांची झाडं, मध्यात पाण्याखालचं गवत. रोवण्याची गाणीही म्हणतो, त्याशिवाय कंबर वाकत नाही.

गवत्याचं सांगते. आमच्याकडंही होता. ग्रामसभेत ठराव घेतला, सोसायटीनं दोन हंगाम मोठ्या जाळ्यानं ओढून काढला, आता फक्त रोहू, कतला, मृगळचं बीज टाकतो. पावसाच्या सुरुवातीचे दोन महिने लावणीच्या भागात जाळं नाही. यावर भांडणं झाली. ज्याच्या घरी त्याच दिवसाच्या मासळीवर चूल पेटते त्याला दोन महिने थांब म्हणणं सोपं नाही. त्या घरांना आम्ही गटातून उसने पैसे दिले. ते केलं नसतं तर रात्री जाळी पडलीच असती.

पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त रोपं गेली. दुसऱ्या वर्षी आधी बोटरी मासा दिसला, मग दाडक. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या सासूनं पाळीवरून हाक मारली. मरळीच्या पिल्लांचा लाल थवा होता. सासू सत्तरीची, ती पाळीवरच बसून रडली. मी पण.

---

तलावकाठ

ताई, तुमचं लिहिलेलं मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली पुन्हा वाच.

सर, थाळी सोडून पाहिली. मायच्या जुन्या ताटाला पांढरा रंग दिला. आमच्या तलावात एका हातालाही पुरली नाही, कोपरापाशीच दिसेनाशी झाली. शेजारच्या गावच्या लहान तलावात, जिथं ठेका कधी गेला नाही आणि अजून गवत आहे, तिथं चार हात गेली आणि तरी तिची कड दिसत होती. दोन तलावांत अंतर किती, तर अडीच किलोमीटर. पाऊस तोच, माती तीच. सोसायटीच्या बैठकीत मी ताट आणि दोरी दोन्ही घेऊन गेलो. बोललो थोडंच, सगळ्यांना पाळीवर नेऊन सोडून दाखवलं. अध्यक्षांनी स्वतः दोरी धरली.

यंदा लावणी नाही. ठरलं ते असं, की पाणी उतरेल तसा गवत्या आणि सायप्रिनस काढायचा, वैशाखात बेशरम खणायची. वैनगंगेच्या पोरानं सांगितलं तसं एका कोपऱ्यात बांबू आणि जाळीचा बंद चौकोन करायचा, वीस हात बाय वीस हात, आणि त्यात थोडं गवत लावून पाहायचं. मोठा मासा आत गेला नाही तर पाणी निवळतं का, ते कळेल. धानवाला भाऊ, चौकोन तुडूमापासून सगळ्यात लांबच्या टोकाला धरला आहे, पाणी वापर गटाच्या लोकांना दाखवून.

ताई, त्या चौकोनापुरतं गवत तुमच्या तलावातून मिळेल का? दोन पोती पुरे. मोटारसायकलवर आणीन.

---

रोवणेवाली ताई

मिळेल ना जी. पण पोत्यात दाबून नेऊ नका, वाटेत सडतं. टोपले आणा, खाली ओला चिखल, वर ओला गोणपाट, आणि काढल्या दिवशीच लावा. आम्ही एका जागचं सगळं काढत नाही, चार रोपांतलं एक घेतो, म्हणून वेळ लागेल. शेजारच्या लहान तलावातलंही थोडं घ्या, त्याला तुमच्या मातीची सवय आहे. आषाढात दोन चांगले पाऊस झाले की फोन न करता या, तेव्हा आम्ही सगळ्या पाण्यातच असतो. मायलाही आणा.